लोंबलेली फळी

मोटारीच्या पुढच्या काचेखाली, चालकाच्या गुडघ्यांसमोर जी आडवी फळी असते तिला आपण सारे डॅशबोर्ड म्हणतो. या शब्दाला मराठीत घरचा प्रतिशब्द कधी मिळाला नाही आणि आता मिळेल असेही वाटत नाही. शब्द मात्र मोटारीहून बराच जुना आहे. घोडागाडीच्या काळात धावत्या घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढील बाजूस लाकडाचा किंवा चामड्याचा आडोसा लावीत. चिखल अडवणारा तो आडोसा म्हणजे मूळचा डॅशबोर्ड. पुढे घोडा गेला, त्याच्या जागी इंजिन आले आणि चिखल चाकांखालीच राहू लागला. फळीचे मूळ काम संपले, पण ती गेली नाही. तिच्यावर हळूहळू वेग सांगणारे घड्याळ आले, तेलाचा दाब सांगणारा काटा आला, दिव्यांची बटणे आली. पूर्वी चिखल अडवणारी फळी आता गाडीच्या पोटातील बातम्या सांगू लागली.

ही फळी म्हातारपणी लोंबते. जुन्या मोटारी बाळगणाऱ्या साऱ्यांना हे दुखणे ठाऊक असते. मात्र ते प्रत्येक गाडीत एकाच कारणाने होत नाही. काही गाड्यांत फळी दाबून घट्ट केलेल्या पुठ्ठ्याची असे. तो ओल शोषतो, फुगतो आणि स्वतःच्या वजनाने खाली येतो. पुढच्या काळातील गाड्यांत पत्र्यावर किंवा प्लॅस्टिकवर फोमचा थर आणि त्यावर व्हिनाइलचे आवरण आले. व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य वर्षानुवर्षांच्या उन्हाने उडून जाते, आवरण आकसते आणि तडकते, आतील फोमचा भुगा होतो. तिसरा प्रकार सर्वांत जुना. त्यात फळी खरोखरीच लाकडाची असते आणि ती लाकडाच्याच सांगाड्याला जखडलेली असते. तेथे फळी लोंबलेली दिसली तर दोष फळीचा आहे की तिला धरून ठेवणाऱ्याचा, हे वरून कळत नाही. आम्ही जी गोष्ट सांगणार आहोत ती या तिसऱ्या प्रकारची आहे.

कागल तालुक्यातील मुरगूडला आमचे जाणे-येणे आहे. वेदगंगेच्या काठचे, उसाच्या शेतांनी वेढलेले हे गाव. सर पिराजीराव तलावामुळे आसपासच्या पंचक्रोशीत ओळखले जाणारे. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून वाट काढीत गावात शिरावे लागते. अशा गावात एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या गोठ्यालगतच्या खोपटात, गोणपाटाखाली, एम. जी. कंपनीची टी. सी. नावाची दोन माणसे बसणारी स्पोर्ट्स कार उभी होती, हे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. आम्हालाही वाटले होते. गुरुजींचे थोरले काका मुंबईला एका कारखान्यात फोरमन होते. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली आणि निवृत्त झाल्यावर गावी आणली. काका निपुत्रिक गेले; गाडी पुतण्याकडे आली.

या गाडीविषयी चार शब्द सांगणे आवश्यक आहे. ऑक्सफर्डमधील मॉरिस गॅरेजेस या मोटारविक्रीच्या व्यवसायातून एम. जी. हे नाव निघाले. सेसिल किंबर हे तेथील व्यवस्थापक. साध्या मॉरिस गाडीच्या सांगाड्यावर देखणी, चपळ गाडी उभी करण्याची कल्पना त्यांची. दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी, १९४५ मध्ये, अॅबिंग्डन येथील कारखान्यातून टी. सी. बाहेर पडू लागली. किंबर मात्र ती पाहायला राहिले नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला होता. १९४९ पर्यंत सुमारे १०,००० टी. सी. तयार झाल्या. इंजिन १२५० सी. सी. चे, चाके १९ इंची आणि तारांच्या आऱ्यांची, आणि अंग पत्र्याचे दिसले तरी आतील सांगाडा अॅश नावाच्या विलायती झाडाच्या लाकडाचा. अमेरिकेत छोट्या स्पोर्ट्स कारची आवड रुजवण्यात या गाडीचा मोठा वाटा मानला जातो.

तिच्या डॅशबोर्डाचे एक वैशिष्ट्य आम्हाला फार आवडते. चालकासमोर जे मोठे घड्याळ आहे ते इंजिनाचे फेरे सांगते. गाडीचा वेग सांगणारे घड्याळ शेजारी बसलेल्या प्रवाशासमोर आहे! इंग्लंडात १९३५ पासून वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा आली होती. तिची आठवण देणारा एक छोटा दिवा तेवढा फळीवर बसवला होता. म्हणजे इंजिन किती कष्टते आहे हे चालकाने पाहावे आणि आपण किती भरधाव निघालो आहोत हे शेजाऱ्याने पाहून त्याला सांगावे, अशी ही वाटणी. संसार केलेल्या वाचकांना ती वाटणी ओळखीची वाटेल.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर गुरुजींनी गाडी विकायचे ठरवले. नातीला नर्सिंगच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता आणि शुल्काची तजवीज करायची होती. मुंबईच्या एका हौशी गृहस्थाने छायाचित्रे पाहून रस दाखवला, पण एक शंका कळवली: डॅशबोर्ड मध्यभागी लोंबलेला दिसतो, आतील लाकूड ठीक आहे ना? तीन आठवड्यांनी समक्ष येऊन पाहतो, असे त्याचे म्हणणे पडले.

गुरुजींनी गाडी एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याचे उत्तर तयार होते. खालून लोखंडी पट्टी लावायची, चार स्क्रू मारून फळी वर उचलायची आणि वरून नवे कोरे रेक्झिन चढवायचे. एका दिवसाचे काम. कुणाच्या बापाला कळणार नाही. गुरुजी रात्रभर अस्वस्थ राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला निरोप पाठवला. सेमिनरीत असताना तेथील सुतारशाळेत आम्ही काही वर्षे रंधा मारला आहे, हे त्यांना ठाऊक होते.

गुरुजींच्या सोप्यावर त्या दिवशी जी चर्चा झाली ती मोटारीविषयी होती असे म्हणवत नाही. सूनबाई स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आण्णा, गाडी आपण सत्तर वर्षं वापरून विकतोय. घेणारा तिला उघडून नव्यानं बांधणारच आहे. मग आपण आत्ता उघडून त्याला आपलंच वाईट कशाला दाखवायचं? आणि उघडली नि तीन आठवड्यांत मिटली नाही तर? पोरीची फी भरायची तारीख थांबणार आहे का?" हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. घरातील हिशेब ज्यांच्या डोक्यावर असतो त्यांना चांगुलपणाची किंमत आधी दिसते आणि ती त्यांनी बोलून दाखवली तर त्यात त्यांचे काही चुकत नाही. गुरुजी आमच्याकडे पाहू लागले. आम्ही एवढेच सुचवले की, विकण्याचा किंवा झाकण्याचा निर्णय घेण्यापूर्वी आत काय आहे ते तरी पाहावे. न पाहता झाकले तर आपण नेमके काय झाकले हेही आपल्याला कळणार नाही. गुरुजींना ते पटले. सूनबाईंनी "मग आजच उघडा" एवढेच म्हटले.

उघडण्यासाठी गुरुजींनी गावातील एका वृद्ध सुतारमेस्त्रींना बोलावले. कोल्हापूरच्या मातीत हाताने यंत्र उभे करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. परदेशी कॅमेरा परवडेना तेव्हा बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये याच शहरात स्वतःचा चित्रपट-कॅमेरा बनवला. शहराच्या उद्यमनगरात आजही भंगारातील सुटा भाग पाहून तसाच दुसरा ओतून देणारे कारागीर भेटतात. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार डौलाने बाहेर पडते तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली माणसे राजवैभवाइतकीच, ती अजून चालती आहे याची वाहवा करीत असतात. आमचे मेस्त्री याच मुलखातले, पण त्यांचा धंदा अधिक जुना. हयातभर त्यांनी बैलगाड्या बांधल्या. ट्रॅक्टर आले, लोखंडी सांगाड्याच्या टायरच्या गाड्या आल्या आणि लाकडी चाकाचे गिऱ्हाईक संपले. मोटारीचे काम त्यांनी कधी केले नव्हते.

सर्वप्रथम बॅटरीची तार सोडली. मग गुरुजींच्या नातीने फळीमागील प्रत्येक तारेची मोबाइलवर छायाचित्रे घेतली आणि तारेतारेला कागदाची चिठ्ठी बांधली. ही तयारी झाली नसती तर पुढील सारे काम अंधारात गेले असते. फळी दोन बोटे खाली आली होती आणि त्यामुळे मागे काय झाले होते ते आता दिसले. या गाडीत तेलाच्या दाबाचा काटा विजेवर चालत नाही. इंजिनातील खरोखरीचे तेल एका बारीक तांब्याच्या नळीतून घड्याळापर्यंत येते. ती नळी वाकून चेपली होती. जुन्या तारांवर सुती विणीचे आवरण असते. त्यातील दोन तारा पत्र्याच्या धारेवर दाबल्या जाऊन उघड्या पडण्याच्या बेतात होत्या. फळी आणखी एक बोट खाली आली असती आणि कुणी दिवे लावले असते तर गाडी पेटण्यास तेवढे पुरेसे होते. वरून रेक्झिन ताणून ही धार बोथट झाली नसती.

मेस्त्रींनी फळी अलगद काढून बाजूला ठेवली, तिच्याकडे फारसे पाहिलेही नाही. ते काचेखालच्या पत्र्यात डोके घालून वरची आडवी लाकडी पट्टी चाचपू लागले, जिला फळीचा वरचा काठ स्क्रूने जखडलेला होता. त्यांनी पेचकसाचे टोक टेकवले. उकडलेल्या रताळ्यात जावे तसे ते आत गेले.

"फादर, ह्ये फळीचं दुखणं न्हाई," ते म्हणाले. "वरचं आढं कुजलंय. आढं कुजल्यावर कौलं बदलून काय उपेग?"

अॅशचे लाकूड चिवट आणि लवचिक, पण ओलीला नाजूक. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर दीर्घ काळ राहिला की त्यात बुरशी घर करते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात महापूर आला तेव्हा वेदगंगेचे पाणी या खोपटात शिरले नव्हते, पण भिंती आणि जमीन कित्येक दिवस ओली राहिली. त्यापूर्वीचे आणि नंतरचे पावसाळे होतेच. काचेच्या चौकटीखालून थेंबथेंब पाणी पट्टीत मुरत होते. पूर्वी कुणीतरी केलेल्या डागडुजीचे दोन लोखंडी स्क्रू तेथे सापडले; गंजून त्यांनी भोवतीचे लाकूड काळे केले होते. म्हणजे फळी वर उचलून बांधण्याचा प्रयोग एकदा होऊन गेला होता. त्याने दुखणे बरे केले नाही, फक्त ते पुढच्या मालकाकडे ढकलले.

आता प्रश्न लाकडाचा आला. अॅश मुरगुडात कोठून मिळणार? मुंबईहून किंवा परदेशातून मागवण्यास वेळ नव्हता. आम्ही सागाचे नाव काढले. मेस्त्रींनी मान हलवली. साग टिकाऊ खरा, पण जेथे सतत हिसके बसतात, लाकडाला वाकून परत यावे लागते, तेथे त्यांचा विश्वास धामणीवर. धामण हे आपल्या सह्याद्रीच्या रानातील झाड. कुऱ्हाडीचे दांडे आणि खांद्यावरच्या कावडी त्याच्या करीत, कारण ते ओझ्याने लवते आणि मोडत नाही. विलायतेत अॅशचाही उपयोग नेमका हाच: अवजारांचे दांडे आणि गाड्यांचे सांगाडे. दोन देशांतील दोन सुतारांनी एकमेकांना कधी न पाहता आपापल्या रानातून एकाच गुणाचे झाड निवडले होते. मेस्त्रींच्या माळ्यावर जुन्या धामणीचा, कित्येक वर्षे वाळलेला एक तुकडा होता. तो खाली आला.

कुजलेला भाग जेथे संपतो तेथपर्यंत नव्हे, तर त्याच्याही पुढे निरोगी लाकूड लागेपर्यंत पट्टी कापावी लागली. सारी पट्टी बदलली नाही. सव्वा हात तेवढी गेली, बाकीची मूळची राहिली. सांधा सरळ कापाचा नव्हता. लाकूड जितके जाड त्याच्या आठपट लांब तिरपा छेद दोन्ही तुकड्यांवर घेतला, म्हणजे डिंकाला धरायला भरपूर जागा मिळते आणि ताण एका रेषेवर येत नाही. दोन्ही तिरपे चेहरे एकमेकांवर असे बसले की मध्ये कागद सरकेना. मग पाण्याला दाद न देणारा एपॉक्सी डिंक लावून पट्टी शिकंज्यात आवळली आणि पुरते चोवीस तास तिला कुणी हात लावला नाही. लोखंडी स्क्रूंच्या जागी पितळी स्क्रू आले. जुन्या, मोठ्या झालेल्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकून त्यांवर नवी भोके पाडली.

फळी प्लायवूडची होती. तिचे थर खालच्या काठाशी सुटले होते. तिला आठ दिवस सावलीत वाळवले. उन्हात ठेवली असती तर ती वेडीवाकडी झाली असती. वाळल्यावर इंजेक्शनच्या पिचकारीने थरांमध्ये डिंक सोडला, वर-खाली मेणकागद घालून दोन सपाट पाटांमध्ये ती दाबून ठेवली. रेक्झिन निपाणीच्या एका कुशन-कारागिराने चढवले. मधोमध सुरुवात करून कडेकडेला ताणत जायचे, घड्याळांच्या भोकांशी चांदणीसारखा छेद देऊन पाकळ्या मागे दुमडायच्या, कोपऱ्यांवर मागील बाजूने जादा कापड त्रिकोणी कापून टाकायचे, म्हणजे सुरकुती पडत नाही. घड्याळांच्या काचा पुसल्या, पण पिवळसर पडलेल्या तबकड्यांना कुणी हात लावला नाही. तांब्याची नळी नवी बसवली. दोन्ही जखमी तारा बदलल्या. नातीच्या चिठ्ठ्या एकेक करून सुटत गेल्या आणि विसाव्या दिवशी सारे दिवे लागले.

पट्टी पत्र्याखाली कायमची झाकली जाण्यापूर्वी मेस्त्रींनी तिच्या मागील बाजूस पेन्सिलीने लिहिले: 'धामण. मुरगूड. २०२३'. असे का, म्हणून विचारले तर ते म्हणाले, पुढे कुणी उघडील तेव्हा त्याला कोडे पडू नये. ऐतिहासिक वाहनांच्या मालकांची फिवा ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत हेच तत्त्व सांगितले आहे: दुरुस्ती शक्य तितकी कमी करावी, जे नवे घातले ते ओळखू यावे आणि त्याची नोंद राहावी. मेस्त्रींनी ती सनद पाहिलेली नाही. आमच्या समजुतीने तिची त्यांना आवश्यकताही नव्हती.

ठरल्या दिवशी मुंबईचे गृहस्थ आले. त्यांनी गाडीला फेरी मारली, वाकून फळीकडे पाहिले आणि समाधानाने मान डोलावली. व्यवहार तेथेच पुरा होऊ शकला असता. गुरुजी आत गेले आणि वर्तमानपत्रात बांधलेली एक पुरचुंडी घेऊन आले. तीत पट्टीचा कुजका तुकडा आणि गंजलेले स्क्रू होते. काय सापडले, कोठपर्यंत कापले, कोणते लाकूड घातले हे त्यांनी वर्गात धडा समजावून द्यावा तसे क्रमाने सांगितले. नातीने मोबाइलवरील छायाचित्रे दाखवली. सूनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. त्यांना अॅश हवा होता, धामण नको होती. शिवाय येथे इतके कुजले तर दारांच्या खांबांत काय असेल, ही त्यांची शंका रास्त होती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नवे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला 'व्ही. ए.' अक्षरांची वेगळी पाटी मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क पडते. मात्र चासी, अंगाचा सांगाडा किंवा इंजिन यांत ठळक बदल झालेला चालत नाही. सव्वा हात पट्टीची दुरुस्ती हा काही बदल नव्हे, असे आम्ही म्हटले. तेही त्यांना मान्य होते. तरीही अखेरीस त्यांनी आकडा खाली आणला, आणि तो थोडाथोडका खाली आणला नाही. गुरुजींनी तो स्वीकारला. शुल्कात जी तूट पडली ती पतसंस्थेच्या कर्जाने भरून काढावी लागली आणि त्याचे हप्ते त्या घराला काही काळ फेडावे लागले. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो. खरे सांगितल्याचे बक्षीस लगेच हातात पडते, असे लिहिले तर वाचक फसतील आणि त्या घराने जे सोसले ते हलके होईल.

गाडी ट्रकवर चढवून गेल्यानंतर काही दिवसांनी गुरुजी भेटले तेव्हा आम्ही सूनबाईंविषयी विचारले. ते हसले. "ती म्हणाली, पैसे कमी आले ते आलेच. पण आता मुंबईचा फोन वाजला की आण्णा दचकत नाहीत, तेवढं बरं झालं." मेस्त्रींना मात्र त्या व्यवहारातून एक काम मिळाले. त्याच गृहस्थांनी दारांचे खांब तपासण्यासाठी त्यांना मुंबईस बोलावून घेतले. धामणीला नको म्हणणाऱ्या माणसाला ती बसवणारा हात हवासा वाटला.

आता आपल्या दारातील गाड्यांकडे वळू. एम. जी. हे नाव आज एका चिनी उद्योगसमूहाकडे आहे. अॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला आणि २०१९ पासून या नावाच्या मोटारी गुजरातेत हलोल येथे तयार होऊ लागल्या. त्यांच्या फळीवर काट्यांच्या घड्याळांऐवजी भला मोठा पडदा आहे. काळाप्रमाणे हे होणारच. पण एक फरक आपण जाणून असले पाहिजे. १ एप्रिल २०२१ पासून भारतात बाजारात येणाऱ्या नव्या मोटारींत चालकाशेजारील प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. ती फळीच्याच आत दडलेली असते आणि धडक होताच पापणी लवण्याच्या आत फळीचे झाकण फोडून बाहेर येते. म्हणजे चिखल अडवण्यासाठी जन्मलेली ही फळी फिरून माणसाचे रक्षण करू लागली आहे.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. आपल्या अनेक कुटुंबांच्या गाडीत डॅशबोर्डवर मरियामातेची छोटी मूर्ती चिकटवलेली असते. ती भक्ती योग्यच आहे, पण मूर्ती एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या वाटेत असू नये. तेथून ती सुटली तर गोळीसारखी आपल्याच लेकरांच्या तोंडावर येईल. झाकण कोठे आहे ते फळीवर उमटवलेल्या अक्षरांवरून कळते. त्याच कारणाने त्या भागावर रेक्झिनचे आवरण किंवा गालिचाही घालू नये. आणि अशा नव्या गाडीची फळी हलू लागली, खुळखुळू लागली तर ती घरी उघडू नये. ते काम जाणत्या माणसाचे आहे.

ज्यांच्या अंगणात एखादी जुनी पद्मिनी, हेराल्ड किंवा अॅम्बॅसेडर अजून उभी आहे त्यांनी मात्र भ्यायचे कारण नाही. फळी लोंबली असेल तर आधी बॅटरीची तार सोडावी. एक सरळ पट्टी फळीच्या काठावर धरून ती कोठून खाली आली आहे ते पाहावे. मग फळीकडे नव्हे, ती जेथे टेकली आहे आणि जेथे टांगली आहे तेथे बोट फिरवावे, ओल कोठून येते ते शोधावे आणि पाण्याची वाट बंद केल्यावाचून नवे लाकूड घालू नये. जे काढले ते काही दिवस जपून ठेवावे, कारण विचारणारा कुणीतरी येतो. रेक्झिनचा रंग निवडायला त्यानंतर पुष्कळ वेळ असतो.